पासपोर्टवर माहेरचं, आधारवर सासरचं: परदेशी निघण्याआधी काय करायचं

गोव्यात फोंड्याला माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं छोटं दुकान आहे. तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई सुरू होते आणि त्यानंतर दोन-तीन महिन्यांनी नव्या नवऱ्या प्लास्टिकची फाइल छातीशी धरून दुकानात यायला लागतात. प्रश्न ठरलेला. "ताई, पासपोर्टार बापायचें आडनांव, आधारार घोवाचें. दुबयक सोडटले मगो?" म्हणजे पासपोर्टवर वडिलांचं आडनाव, आधारवर नवऱ्याचं, दुबईला सोडतील ना?

माझं उत्तरही ठरलेलं. सोडतील. पण तिकीट कुठल्या नावाने काढलंयस ते आधी दाखव.

हे मी अनुभवाने विचारते. माझ्या लग्नानंतरच्या पहिल्याच दुबईच्या खेपेला धाकट्या दिरांनी हौसेने सगळ्यांची तिकिटं काढली. माझं नाव त्यांनी माझ्या आधारवरून उतरवलं, म्हणजे सासरचं. पासपोर्ट माहेरच्या नावाचा. आदल्या रात्री नऊ वाजता वेब चेक-इन करायला बसलो, पासपोर्टचा तपशील भरला आणि तेव्हा लक्षात आलं. विमान कंपनीच्या फोनवरच्या बाईंनी गोड आवाजात सांगितलं की आडनाव बदलता येत नाही, तिकीट रद्द करून नवं काढा. त्या रात्री नव्या तिकिटाला जे पैसे गेले त्यात एक चांगली पैठणी आली असती. दीर अजून दिसले की आधी तोच विषय निघतो.

आधी टेबलावर सगळे कागद मांडा

पासपोर्ट, आधार, पॅन, बँकेचं पासबुक, विवाहाचा दाखला, जन्मदाखला, दहावीचं प्रमाणपत्र. वहीत प्रत्येकाची एक ओळ करा आणि त्या कागदावर नाव जसं छापलंय तसं इंग्रजी अक्षरन् अक्षर उतरवा. "तेच आहे" असं मनात म्हणून पुढे जाऊ नका. मधलं नाव वडिलांचं आहे की नवऱ्याचं, पूर्ण आहे की नुसतं आद्याक्षर, आडनाव दोन शब्दांत आहे की एकत्र, हे सगळं लिहा.

गोव्यात या वहीला जास्त पानं लागतात. आपल्या जुन्या जन्मनोंदी पोर्तुगीज वळणाच्या. त्या भाषेत 'के' हे अक्षर जवळजवळ वापरातच नाही, आणि 'श'साठी 'एक्स' येतो. त्यामुळे जन्मदाखल्यावर बोरकरांचा शेवट 'सीएआर'ने होतो आणि आधारवर 'केएआर'ने. नाईक हे आडनाव कुठे चार अक्षरांत संपतं, तर कुठे 'क्यूयूई' असं शेपूट घेऊन येतं. पुरुषांचं आयुष्य या दोन स्पेलिंगांत बिनबोभाट निघून जातं. पेच पडतो तो सुनेला. विवाहनोंदणीला नवऱ्याचा जन्मदाखला लागतो, म्हणून दाखल्यावर आडनाव पोर्तुगीज वळणाचं उतरतं. ती मात्र आधार करताना घरच्या दारावरच्या पाटीवरून स्पेलिंग देते. म्हणजे माहेरचं एक आणि सासरची दोन, अशी तीन आडनावं घेऊन ती फिरते.

म्हणून लग्न अजून व्हायचं असेल तर एवढं करा. आपल्याकडे तालुक्याच्या सिव्हिल रजिस्ट्रारकडे दोनदा सह्या कराव्या लागतात, आधी पहिली सही आणि काही दिवसांनी दुसरी. दुसऱ्या सहीच्या वेळी सगळ्यांचं लक्ष फोटोवर आणि नंतरच्या जेवणावर असतं. त्या गडबडीत सहीआधी दोन मिनिटं मागून घ्या आणि नोंदीतली दोघांची आणि दोघांच्या आईवडिलांची नावं बोट ठेवून वाचा. तिथे चुकलेलं अक्षर नंतर दुरुस्त करायला किती खेटे घालावे लागतात ते माझ्या गिऱ्हाइकांना विचारा. हा दाखला पुढे जन्मभराचा पूल आहे. देवळाचं किंवा हॉलचं सर्टिफिकेट या कामाला चालत नाही.

बदलायचं की नाही, हे दिवस मोजून ठरवा

लग्न झालं म्हणून पासपोर्टवरचं नाव बदललंच पाहिजे असा कायदा नाही. माहेरच्या नावाचा पासपोर्ट त्याची मुदत संपेपर्यंत पूर्ण वैध असतो. सासूबाईंना काय वाटेल हा प्रश्न वेगळा, तो इमिग्रेशनवाले विचारत नाहीत.

माझा साधा हिशेब असा. तिकीट किंवा व्हिसा हातात आला असेल, तर परत येईपर्यंत पासपोर्टला हात लावू नका. तिकीट निघालेलं नाही पण प्रवास दोन महिन्यांवर आलाय, तरीही लावू नका, आहे त्या नावाने जाऊन या. प्रवास लांब असेल, किंवा पासपोर्टची मुदत वर्षभरात संपतच असेल, तर नूतनीकरणाबरोबरच नाव बदलून घ्या. एका फीमध्ये दोन्ही कामं होतात. मुदत संपायला किती महिने उरलेत हेही त्याच वेळी बघा, कारण बरेच देश प्रवेशाच्या दिवशी किमान सहा महिने शिल्लक मागतात.

न बदलता जायचं असेल तर

अशा वेळी पासपोर्टवरचं नाव हेच तुमचं नाव. परतीच्या विमानातून उतरेपर्यंत दुसरं नाव विसरून जा.

पासपोर्टचं फोटोचं पान उघडा. खाली दोन ओळींत अक्षरं आणि कोनासारख्या खुणा दिसतील, प्रत्येक ओळीत ४४ जागा. पहिल्या ओळीत सुरुवातीला 'पी', मग 'आयएनडी', त्याला चिकटून आडनाव, मग दोन कोन, आणि मग तुमचं नाव, त्यातल्या प्रत्येक शब्दामध्ये एक कोन. विमानतळावरचं यंत्र हीच ओळ वाचतं. तिकिटावर आडनावाच्या रकान्यात दोन कोनांच्या आधीचं लिहायचं आणि नावाच्या रकान्यात नंतरचं सगळं. समजा ओळीत 'नाईक', दोन कोन, 'वंदना', कोन, 'रमेश' असं असेल, तर तिकिटावर आडनाव नाईक आणि नाव वंदना रमेश. सासरी तिला कुणी काहीही हाक मारो.

बोर्डिंग पासवर नाव आणि मिसेस एकत्र चिकटून भलताच शब्द झालेला दिसला तर घाबरू नका, ती त्यांच्या छपाईची रीत आहे. एखाद-दुसरं अक्षर चुकलं असेल तर बहुतेक कंपन्या फोनवर दुरुस्त करून देतात. काही कंपन्या विवाहाचा दाखला पाहून आडनावही बदलून देतात, काही अजिबात देत नाहीत. म्हणून तिकीट काढल्याच्या दिवशीच आलेला ईमेल उघडून नाव तपासा. चूक लगेच लक्षात आली तर सुटका स्वस्तात होते.

आता एक खास आपल्याकडची अडचण. गोव्याहून युरोप-अमेरिकेला जाणारे पुष्कळजण आधी मुंबई किंवा दिल्ली गाठतात. दाबोळीच्या किंवा मोपाच्या विमानतळाच्या दारावर जवान ओळखपत्र मागतो आणि सवयीने हात पर्समधल्या आधारकडे जातो. तिकीट माहेरच्या नावाचं, आधार सासरचं, आणि तिथेच तोंड पडतं. देशातल्या टप्प्यालाही पासपोर्टच दाखवायचा. डिजियात्रा, म्हणजे विमानतळावर चेहऱ्यावरून आत सोडणारी मोबाइलवरची सोय, वापरत असाल तर ती आधारवरचं नाव तिकिटाशी ताडून बघते, त्यामुळे या प्रवासात तिचा नाद सोडा आणि साध्या रांगेत उभ्या राहा. मुंबईचं तिकीट वेगळं काढत असाल तर तेही पासपोर्टच्या नावानेच काढा.

प्रवासाचा विमा, हॉटेलचं बुकिंग, काही देशांसाठी विमानात बसण्याआधी ऑनलाइन भरायचं आगमनपत्र, हे सगळं त्याच नावाने. फॉरेक्स कार्डासाठी, म्हणजे परकीय चलन भरून नेण्याच्या कार्डासाठी, बँक पॅनही मागते. पॅन सासरच्या नावावर असेल तर अर्जासोबत विवाहाचा दाखला जोडा आणि कार्डावर पासपोर्टचं नाव छापून मागा.

व्हिसाची फाइल

नावांच्या गोंधळाची खरी झाडाझडती होते ती इथे, कारण पासपोर्टशिवायचे कागदही बघितले जातात. बँकेचं स्टेटमेंट एका नावाचं, पगाराची स्लिप दुसऱ्या, पासपोर्ट तिसऱ्या. यात लपवण्यासारखं काही नसतं, पण सांगायचं राहून गेलं तर लपवल्यासारखं दिसतं.

शेंगेनच्या, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसाच्या, अर्जात जन्माच्या वेळच्या आडनावाचा वेगळा रकाना आहे. अमेरिकेच्या अर्जात याआधी दुसरी नावं वापरली आहेत का, असा सरळ प्रश्न आहे. ब्रिटनच्या अर्जातही विचारतात. पासपोर्ट माहेरच्या नावाचा आणि रोजच्या वापरात सासरचं, तरीही दुसऱ्या नावाच्या प्रश्नाला उत्तर 'हो' असंच द्यायचं आणि ते नाव लिहायचं. पुष्कळ बायका इथे 'नाही'वर टिक करतात, आणि मग मागे जोडलेलं बँक स्टेटमेंट त्यांनाच खोटं पाडतं.

फाइलमध्ये मी हा क्रम लावते. सगळ्यात वर एक पानाचं पत्र. त्यात दोनच गोष्टी: अमुक तारखेला माझा विवाह झाला, दाखल्याचा क्रमांक अमुक, पासपोर्ट लग्नाआधीच्या नावाने आहे आणि पुढे जोडलेले हे-हे कागद लग्नानंतरच्या नावाने आहेत. त्याखाली विवाहाचा दाखला. त्याखाली नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्र, ज्याला आपल्याकडे सगळे 'वन अँड सेम' म्हणतात. मग बाकीचे कागद. बघणाऱ्याला आधी खुलासा मिळतो आणि मग फरक दिसतो. उलट झालं की शंका आधी येते.

'वन अँड सेम' करताना नोटरीकडे तयार मजकूर असतो आणि नुसती नावं बदलून ते छापून देतात. त्यावर समाधान मानू नका. त्यात जन्मतारीख, पासपोर्ट क्रमांक, विवाहाची तारीख आणि नोंदणी क्रमांक, कुठल्या कागदावर कुठलं नाव आहे याची यादी, आणि ही सगळी नावं एकाच व्यक्तीची आहेत हे वाक्य असायला हवं. स्पेलिंग वहीतून उतरवा. नवऱ्याच्या आडनावाची दोन स्पेलिंगं असतील तर दोन्ही त्यातच घाला. आणि एक गैरसमज इथेच काढून टाकते: हे प्रतिज्ञापत्र व्हिसाच्या फाइलला आणि बँकेला उपयोगी पडतं. चुकीच्या नावाचं तिकीट ते दुरुस्त करत नाही. चेक-इनच्या काउंटरवर ते फडकवून उपयोग झाल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

बदलायचंच असेल तर

क्रम महत्त्वाचा. आधी विवाहाचा दाखला, एकाला तीन-चार प्रमाणित प्रती. मग आधार, मग पॅन, मग बँक, आणि शेवटी पासपोर्ट. आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, म्हणून तिथलं स्पेलिंग विवाहाच्या दाखल्याशी जुळतंय ना, हे पावतीवर सही करण्याआधी बघा. ऑपरेटर स्क्रीन तुमच्याकडे वळवतो तेव्हा मोबाइल खाली ठेवा.

पासपोर्टमध्ये खाडाखोड करून नाव बदलत नाहीत, नवं पुस्तक मिळतं. पासपोर्ट सेवाच्या संकेतस्थळावर री-इश्यू (जुन्याच्या जागी नवा पासपोर्ट) निवडायचं आणि कारणात वैयक्तिक तपशिलातला बदल. फॉर्म विचारतो की तुम्ही कधी नाव बदललंय का. हो म्हणून जुनं नाव लिहायचं. जोडीदाराच्या नावाचा रकाना भरायचा. ३६ पानी पुस्तकाची साधी फी १५०० रुपये, ६० पानीची २०००. मग वेळ घेऊन पणजीच्या पासपोर्ट सेवा केंद्रात जायचं. जुना पासपोर्ट, विवाहाचा दाखला, आधार, सगळं मूळ आणि झेरॉक्स. पोलिसांकडून चौकशी आली तर घरी कुणीतरी असं असू द्या की जे तुमचं नवं नाव सांगेल. एका मुलीच्या आजेसासूने दारात आलेल्या पोलिसाला "असली कोण हांगा रावना" (अशी कुणी इथे राहत नाही) म्हणून परत पाठवलं होतं. तिला घरात सगळे लाडाच्या नावानेच ओळखत होते.

नव्या पासपोर्टचा क्रमांक वेगळा असतो. जुन्याचा कोपरा कापून रद्दचा शिक्का मारून परत देतात. तो फेकू नका. त्यात चालू व्हिसा असेल तर दोन्ही पुस्तकं एकत्र न्यावी लागतात. मात्र व्हिसा जुन्या नावाचा आणि पासपोर्ट नव्या नावाचा, अशा स्थितीत प्रत्येक देशाचा नियम वेगळा. अमेरिकेचं परराष्ट्र खातं अशा वेळी नव्या नावाने नवा व्हिसा घ्या अशी शिफारस करतं. दहा वर्षांचा व्हिसा हातात असलेल्या बाईला मी स्पष्ट सांगते, व्हिसा संपेपर्यंत नाव बदलू नकोस.

दहावीचं प्रमाणपत्र बदलायच्या मागे लागू नका. ते माहेरच्याच नावाचं राहतं, विवाहाचा दाखला त्याला जोडतो. दहावी पास असल्याचं दाखवलं की पासपोर्टवर एमिग्रेशन चेकचा शिक्का, म्हणजे काही देशांत नोकरीला जाण्याआधी सरकारी परवानगी लागते अशी नोंद, येत नाही, आणि आखातात नोकरीला जाणाऱ्यांना हे फार कामाचं.

नावसुद्धा बदललं असेल तर

आतापर्यंतचं सगळं आडनावाबद्दल. पण आपल्याकडे लग्नात ताटभर तांदूळ पसरून नवरा अंगठीने त्यात नवं नाव लिहितो, सगळे टाळ्या वाजवतात, आणि वंदनाची श्रावणी होते. तांदळातलं नाव तांदळात ठेवलं तर काही बिघडत नाही. कुणी उत्साहात ते आधारवर चढवलं की विवाहाचा दाखला अपुरा पडतो, कारण त्या दाखल्यावर वंदनाचं लग्न झालेलं असतं, श्रावणीचं नव्हे.

पहिलं नाव बदलणं हा कायद्याच्या दृष्टीने निराळा मामला आहे. गोव्यात त्यासाठी १९९० चा नाव आणि आडनाव बदलाचा कायदा आहे. रीतसर अर्ज, जाहीर सूचना, राजपत्र असा तो रस्ता जातो आणि त्याला वेळ लागतो. परदेशी जायची घाई असेल तर या वाटेला जाऊच नका. आधारवर नवं नाव चढलं असेल आणि पासपोर्टवर जुनं असेल, तर पासपोर्टच्या नावाने जाऊन या आणि परत आल्यावर वकिलाकडे बसा. माझं मत विचाराल तर आधारच पूर्वीच्या नावावर आणा. दोनपैकी उरलेली संधी त्यात जाईल, पण पुढची दहा वर्षं सुखाची जातील.

आखातात जाणाऱ्यांसाठी

नोव्हेंबर २०२२ पासून संयुक्त अरब अमिरातीने पासपोर्टवर एकच शब्द असलेल्या, म्हणजे नाव किंवा आडनाव यापैकी एक रकाना रिकामा असलेल्या प्रवाशांना पर्यटन आणि भेटीचा व्हिसा देणं थांबवलं. शेवटच्या पानावर वडिलांचं किंवा कुटुंबाचं नाव असेल तर सवलत आहे. जुन्या पिढीतल्या काही बायकांच्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना कोराच असतो. नातवाला बघायला जाणाऱ्या आजीचा पासपोर्ट तिकीट काढण्याआधी एकदा उघडून बघा.

नवऱ्याच्या नोकरीवर तिकडे राहायलाच जायचं असेल तर विवाहाचा नुसता दाखला पुरत नाही. आधी राज्य सरकारकडून, मग परराष्ट्र मंत्रालयाकडून साक्षांकन. अपोस्टिल म्हणजे करारातल्या देशांनी एकमेकांच्या कागदांसाठी मान्य केलेला एकच शिक्का, आणि भारत २००५ पासून त्या करारात आहे. ओमान, बहरीन, सौदी अरेबियाही त्यात आहेत, म्हणून तिथे अपोस्टिल चालतं. अमिराती, कुवेत आणि कतार त्या करारात नाहीत, तिथे त्यांच्या दूतावासाचा शिक्का लागतो. साक्षांकनाला दाखला देण्याआधी त्यावरची नावं दोघांच्या पासपोर्टशी ताडून बघा. शिक्के बसल्यावर सापडलेली चूक म्हणजे सगळं पहिल्यापासून.

पोरं बरोबर असतील तर

आई माहेरच्या आडनावाची आणि मूल बापाच्या, दोघंच प्रवासाला निघाले की परदेशातला अधिकारी हमखास थांबवतो. मुलाच्या जन्मदाखल्याची प्रत आणि वडिलांचं नोटरी केलेलं संमतीपत्र बरोबर ठेवा. मुलाच्या पासपोर्टच्या शेवटच्या पानावर आईचं नाव छापलेलं असतं. ते तुमच्या पासपोर्टवर आहे तसंच द्यायचं, म्हणजे शेजारी धरल्यावर जुळतं. माझ्या धाकट्याच्या वेळी मी तिथे सासरचं नाव दिलं होतं. पुढची पाच वर्षं प्रत्येक खेपेला मी त्याचा जन्मदाखला आणि आमचा विवाहाचा दाखला, दोन्ही बाळगून फिरले.

निघायच्या आदल्या दिवशी

हातातल्या पिशवीत, सामानात नव्हे, एक पातळ फाइल. विवाहाच्या दाखल्याची एक प्रमाणित प्रत, प्रतिज्ञापत्र, असल्यास जुना पासपोर्ट, व्हिसाची छापील प्रत. दाखल्याचा फोटो मोबाइलमध्ये आणि नवऱ्याच्याही मोबाइलमध्ये. आधार आणि पॅन घरीच कपाटात.

वेब चेक-इन उघडलं की लगेच करा. बहुतेक ठिकाणी ते ४८ किंवा २४ तास आधी उघडतं. रात्री नऊ वाजेपर्यंत थांबू नका.